एकट्यानं फिरायला जाताना: आजार सोबत असलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीचा निवृत्त शिक्षक. १८ वर्षांपासून इन्सुलिन घेतो आणि कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर रोज सकाळी एकटाच फिरतो. जुने विद्यार्थी, त्यांचे आईवडील, त्यांचे नातलग फोनवर प्रश्न पाठवत राहतात. सेलू, जिंतूर, अंबाजोगाई, लातूर, सिल्लोड, कुठून कुठून. तेच तेच प्रश्न पुन्हा यायला लागले म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. गोळीची आणि इन्सुलिनची मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवतील, त्यात माझं ऐकू नका. बाकीचं मन लावून वाचा.

१. सर, मला शुगर आणि बीपी दोन्ही आहे. घरचे म्हणतात एकटं जाऊ नका. मग जावं की नाही?

जावं. सोबत मिळाली तर चांगलंच. पण सोबतीची वाट बघत बसलेली माणसं महिन्यातून चार दिवस फिरतात, हे मी इतकी वर्षं बघतोय. घरच्यांची भीतीही खोटी नाही. वाटेत काही झालं तर कुणाला कळणार, हा त्यांचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुम्ही द्यायला पाहिजे. कोणत्या वाटेनं जाणार, किती वाजता परत येणार, हे घरात एकाला तरी सांगून निघायचं. त्या वेळेपेक्षा १५ मिनिटं उशीर झाला तर त्यांनी फोन करायचा, आणि फोन उचलला नाही तर त्याच वाटेनं निघायचं. हे आधी ठरलेलं असू द्या. व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन एक तासासाठी पाठवता येतं. नातवाकडून एकदा शिकून घ्या.

दुसरं म्हणजे वाटेवरची माणसं. रोज दिसणारा चहावाला, दूधवाला, गेटवरचा वॉचमन यांतल्या दोघांना तरी तुमचा आजार माहीत पाहिजे. मी आमच्या चहावाल्याला सांगून ठेवलंय, "मी काही वेड्यासारखं बोलायला लागलो तर विचारत बसू नको, साखर घातलेलं पाणी पाज." त्याला एकदा ते करावंही लागलं.

२. सुरुवात करण्याआधी कोणत्या तपासण्या कराव्यात? किती चालावं?

वय ४० च्या पुढे असेल, शुगर बऱ्याच वर्षांची असेल, छातीत कधी दुखलं असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून ईसीजी, बीपी आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. डोळ्यांचं लोक विसरतात. पडद्यावर रक्तस्राव होत असेल तर जोर लावण्याचे, वजन उचलण्याचे, डोकं खाली करण्याचे व्यायाम चालत नाहीत. पायांना मुंग्या येत असतील तर पायांची संवेदनाही तपासून घ्या (प्रश्न १२).

आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, हे जगभर सांगितलं जाणारं माप आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. पहिल्याच दिवशी अर्धा तास चालायची गरज नाही. १० मिनिटांपासून सुरू करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. वेग किती? चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. मधुमेह असेल तर सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका.

३. खिशात काय काय ठेवायचं?

फोन, तोही चार्ज केलेला. साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची पावडर. छातीसाठी किंवा दम्यासाठी डॉक्टरांनी दिलेली तातडीची गोळी किंवा पंप. पाण्याची छोटी बाटली. ५० रुपये. आणि एक कार्ड.

कार्डाबद्दल थोडं जास्त सांगतो. वहीच्या पुठ्ठ्यावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा, वरून चिकटपट्टी लावा. माझ्या कार्डावर असं आहे: "मला मधुमेह आहे. मी इन्सुलिन घेतो. मी बरळत असेन तर दारू प्यायलेलो नाही, साखर कमी झाली आहे. गिळता येत असेल तर साखर द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा." खाली घरच्या दोघांचे नंबर, औषधांची नावं, रक्तगट. ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो, पाकिटात नाही, कारण बेशुद्ध माणसाच्या पाकिटाला हात लावायला लोक घाबरतात. फोन लॉक असतानाही दिसेल अशी आपत्कालीन माहिती भरायची सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते, तीही भरून ठेवा.

४. शुगर लो झालीय हे रस्त्यात कसं ओळखायचं? आणि करायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यातच माणसं दगावतात, म्हणून सविस्तर लिहितो.

हात थरथरतात, घाम सुटतो, छाती धडधडते, एकदम भूक लागते, ओठांना मुंग्या येतात. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीला डोकं चालत नाही. चिडचिड होते, पाय अडखळतात, शब्द जड होतात, नेहमीचा रस्ता अनोळखी वाटायला लागतो. त्या वेळी स्वतःला काही कळत नाही, म्हणून जे करायचं ते पहिल्या पायरीलाच करायचं. "घर जवळच आहे, जाऊन खातो" असं म्हणायचं नाही.

शुगर ७० च्या खाली गेली की ती लो समजायची. जागेवर थांबा, बसा. १५ ग्रॅम साखर पोटात जाऊ द्या, म्हणजे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, नाहीतर अर्धा कप गोड सरबत. १५ मिनिटं थांबा. मीटर असेल तर तपासा. अजून ७० च्या खालीच असेल किंवा बरं वाटत नसेल तर पुन्हा तेवढंच घ्या. बरं वाटल्यावर दोन बिस्किटं किंवा पोळीचा तुकडा खा, आणि त्या दिवशीचं फिरणं तिथेच थांबवा. पेढा, चॉकलेट, शेंगदाण्याचा लाडू यांवर भिस्त ठेवू नका. त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात हळू चढते. मीटर नसेल आणि शंका आली तर साखर खाऊन टाका. थोडी वाढलेली शुगर दुपारी खाली आणता येते.

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या जातीची बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो. थंडीत विनाकारण घाम आला की तीच खूण समजा.

माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि तिथेच कलंडलो. साखर खिशात होती, पण ती काढायचं सुचलं नाही. किती तरी माणसं बाजूनं गेली. एकाचं बोलणं मला अर्धवट ऐकू आलं, "सकाळी सकाळीच ढोसून पडलंय." शेवटी एक रिक्षावाला थांबला, कारण त्याच्या आईला शुगर होती. कार्ड मी त्या दिवसापासून ठेवतो.

५. रिकाम्या पोटी फिरावं का? आणि गोळी आधी घ्यायची की नंतर?

कोणतं औषध चालू आहे त्यावर आहे. फक्त मेटफॉर्मिन असेल तर रिकाम्या पोटी चालल्यानं शुगर सहसा लो होत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर निघण्याआधी तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी एक केळं किंवा पोळी खा, मग निघा. ९० ते २५० मध्ये असेल तर निघायला हरकत नाही. २५० च्या वर आणि टाईप १ (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा मधुमेह) असेल तर लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, तेव्हा तयार होणारी आम्लं) तपासल्याशिवाय व्यायाम नको, कीटोन असतील तर अजिबातच नको.

गोळी किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊन, न खाता चालायला निघणं ही सगळ्यात वाईट पद्धत. नाश्त्याबरोबरची गोळी फिरून आल्यावर, नाश्त्याबरोबरच घ्या. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच चालू नका, चालत्या पायातून ते लवकर शोषलं जातं. पोटावर घ्या. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. जास्त चालणं झालं तर शुगर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही उतरू शकते. नेहमीपेक्षा दुप्पट चाललात तर झोपण्याआधी तपासा.

६. आमच्याकडे बाग नाही, मैदान नाही. फिरायचं कुठं?

छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा परिसर आहे, सिद्धार्थ उद्यान आहे. जालन्याला मोती तलाव, नांदेडला गोदावरीचे घाट. तालुक्याच्या गावाला निदान शाळेचं किंवा कॉलेजचं मैदान असतं. काहीच नसेल तर रस्ता आहेच, पण तो निवडताना तीन गोष्टी बघा.

फोनवर पत्ता सांगता आला पाहिजे. १०८ ला फोन लावल्यावर "इकडं शेताकडं" म्हणून गाडी येत नाही. किलोमीटरचा दगड, शाळा, मंदिर, पेट्रोल पंप, यांच्यामधल्या पट्ट्यात फिरा. लांब एकच फेरी मारण्यापेक्षा घराभोवती छोट्या चार फेऱ्या मारा, म्हणजे दर १० मिनिटांनी कुणाला तरी दिसाल.

रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, समोरून येणारं वाहन दिसतं. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालू असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. त्या महिन्यांत डांबरी रस्त्यावर उजाडल्याशिवाय जाऊ नका, पांढरा शर्ट घाला, कानात इअरफोन नको.

पाटाच्या कडेनं फिरायला छान वाटतं, वाराही असतो. पण चक्कर, फिट किंवा शुगर लो होण्याचा त्रास असलेल्यानं एकट्यानं पाटाच्या भरावावर किंवा कठडा नसलेल्या विहिरीजवळून जायचं नाही. यात सवलत नाही.

७. आपल्याकडचा उन्हाळा... मग एप्रिल-मेमध्ये बंदच ठेवावं का?

बंद नको, वेळ बदला. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमाराला उजाडतं. सातच्या आत घरी या. संध्याकाळी सातला सूर्य गेलेला असतो, पण सिमेंटचा रस्ता तापलेलाच असतो, त्यामुळे सकाळ बरी. ज्यांना सकाळी जमत नाही त्यांनी दोन महिने घरातच, व्हरांड्यात किंवा गच्चीच्या सावलीत चालावं.

लघवीची गोळी चालू असलेल्यांना आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना पाणी लवकर कमी पडतं. निघण्याआधी एक ग्लास, आल्यावर एक ग्लास. हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर उन्हाळ्यापुरतं माप डॉक्टरांना विचारून घ्या. ताक चांगलं, बीपीवाल्यांनी मीठ न घालता. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं ही ऊन लागल्याची सुरुवात. माणूस असंबद्ध बोलायला लागला आणि अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, १०८.

थंडीचंही ऐका. परभणीचा पारा काही वर्षी एक आकडी होतो. थंडीनं रक्तवाहिन्या आवळतात, बीपी वाढतं. हृदयाचा त्रास असलेल्यांनी डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचचा हट्ट सोडावा. ऊन पडल्यावर, साडेसातनंतर, कान झाकून निघावं.

८. बीपीची गोळी घेतली की फिरून आल्यावर घेरी येते. गोळी बंद करू का?

नाही. चालता चालता एकदम थांबल्यानं किंवा येऊन लगेच गरम पाण्यानं अंघोळ केल्यानं रक्त पायांकडे राहतं आणि बीपी घसरतं. काही गोळ्यांवर हे जास्त होतं. शेवटची पाच मिनिटं वेग कमी करत आणा, घरी आल्यावर जरा बसा, मग अंघोळ. तरी घेरी येत राहिली तर बसलेलं आणि उभं राहिल्यावरचं बीपी तीन दिवस लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. कागद बघून डॉक्टरांना मात्रा ठरवायला सोपं जातं.

९. चालताना छातीत भरून येतं, थांबलं की जातं. गॅस असेल ना?

चालल्यावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं गॅसचं समजू नका. ते हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. आजच तपासून घ्या, तोवर फिरणं बंद.

ज्यांना आधीच निदान झालंय आणि जिभेखालची सॉर्बिट्रेट दिलीय त्यांनी दुखायला लागताच थांबायचं, आधी बसायचं, मग गोळी ठेवायची. उभ्यानं ठेवली तर बीपी पडून माणूस कोसळतो. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर १०८. सिल्डेनाफिल, म्हणजे पुरुषांच्या त्या तक्रारीची गोळी, आदल्या दिवसात घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घ्यायची नाही आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगायचं. लाजेनं हे लपवणं जिवावर बेततं.

पहिल्यांदाच असं दुखलं, हातात, जबड्यात, पाठीत कळ गेली, थंड घाम आला, तर कशाचीही वाट न बघता १०८. बायकांमध्ये आणि जुन्या मधुमेह्यांमध्ये छातीत न दुखताही अटॅक येतो. नुसती धाप, मळमळ, कधी न आलेला थकवा. अशा वेळी गाडी चालवत स्वतः दवाखान्यात जाऊ नका.

१०. सर, मी पोलीस भरतीची तयारी करतो. मला दमा आहे. १६०० मीटर पळताना छातीत शिट्टी वाजते. पंप घेतला तर सवय लागेल असं मित्र म्हणतात.

बाळा, पंपाची सवय लागत नाही. न घेतल्यानं मात्र श्वासनळ्या सुजत जातात. तातडीचा पंप, सालब्युटामॉलचा, डॉक्टरांनी पळण्याआधी घ्यायला सांगितला असेल तर १० ते १५ मिनिटं आधी घ्यायचा. आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा तो लागत असेल तर रोजच्या औषधाची गरज आहे, म्हणून डॉक्टरांकडे जायलाच पाहिजे. एकदम सुसाट सुटू नको. १० मिनिटं हळूहळू अंग गरम कर. थंडीत नाकातोंडावर रुमाल बांध, कोरडी थंड हवा नळ्या आवळते.

हवाही बघ. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात, कापसाच्या पऱ्हाट्या जाळतात, त्या दिवशी त्या बाजूला पळायचं नाही. काँग्रेस गवत फुललेलं असेल तिथं तर नाहीच. पळताना बोलता येईना, ओठ निळे दिसायला लागले, पंपानं उतार पडेना, तर ताठ बस, पंप पुन्हा घे आणि १०८ ला फोन कर. तू अंधारात एकटाच पळतोस हे मला माहीत आहे. घरी सांगून जा (प्रश्न १).

११. मुलाला फिट येतात. त्यानं एकट्यानं मैदानावर जायचं का?

औषध वेळेवर चालू असेल आणि बरेच महिने फिट आली नसेल तर डॉक्टरांना विचारून जाऊ द्या. घरात कोंडून ठेवल्यानं फिट थांबत नाहीत, पोर मात्र खचतं. एकट्यानं पोहणं, झाडावर-भिंतीवर चढणं, भर रस्त्यात सायकल, हे नको. रात्रीची झोप झाली नसेल किंवा गोळी चुकली असेल त्या दिवशी सुट्टी.

मैदानावरच्या दोघा-तिघांना हे सांगून ठेवा: कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, आजूबाजूचे दगड बाजूला करायचे, घड्याळ बघायचं. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल नाकाशी धरायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८.

१२. दवावर अनवाणी चाललं की शुगर कमी होते म्हणतात. आणि नवरात्रात मी नऊ दिवस चप्पल घालत नाही, कोजागरीला तुळजापूरला पायी जातो. चालेल का?

शुगर चालल्यानं कमी होते, दवानं नाही. जुन्या मधुमेहात पायांची जाणीव कमी झालेली असते. बाभळीचा काटा तळव्यात मोडला तरी कळत नाही. चार दिवसांनी मोजा ओला दिसतो म्हणून बघावं तर जखम चिघळलेली. माझ्या एका नात्यातल्या माणसाचा अंगठा असाच गेला, साध्या काट्यानं. त्यामुळे पाय बधिर असलेल्यानं गवतावर, मंदिराच्या तापलेल्या फरशीवर, कुठंही अनवाणी चालू नये.

आता तुळजापूरचं. मी स्वतः आईचा भक्त आहे, त्यामुळे हे सोपं नाही हे मला कळतं. डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. जाणीव शाबूत असेल, जखम नसेल, तर जा, पण मऊ तळव्याचे बूट आणि सुती मोजे घालून जा. देवळात मोजे तरी राहू द्या. दर मुक्कामाला आरशात तळवे बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, फोड आला तर फोडू नका आणि तिथून पुढं वाहनानं जा. नवस बोललेला असेल तर घरातलं दुसरं कुणी अनवाणी चालू दे, तुम्ही सोबत बुटात चाला. अशा चार-पाच दिवसांच्या चालण्यात इन्सुलिनची मात्रा बहुधा कमी करावी लागते. ती निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. आषाढीच्या दिंडीलाही हेच लागू.

१३. कुत्र्यांची भीती वाटते. पळता तर येत नाही.

पळता येत असतं तरी पळायचं नाही. थांबा, हात अंगाजवळ, डोळ्यांत बघू नका, हळूहळू मागे सरका. हातात काठी असू द्या, गुडघ्यालाही आधार होतो. चावलंच तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा, आणि सगळे डोस पूर्ण करा. मधुमेह असल्याचं तिथं सांगा, जखम भरायला वेळ लागतो.

१४. मी बाई माणूस. पहाटे एकटी निघाले तर लोक बघतात, कधी कुणी मागं येतं. संध्याकाळी स्वयंपाक. मग कधी फिरू?

ताई, तुमच्यासारखे बरेच निरोप येतात. बाईचं फिरणं घरातल्या कामातून उरलेल्या वेळात बसवायचं, हेच मुळात चुकतंय. तुमच्या अर्ध्या तासात चहा नवऱ्यानं करावा, असं मी घराघरात सांगतो.

वाट अशी ठेवा की दुकानं उघडी असतील. दूध घ्यायची वेळ चांगली, माणसं जागी असतात. वाट आणि वेळ अधूनमधून बदला, पण घरी सांगून. कुणी मागं येतंय वाटलं तर घराकडं न वळता जवळच्या दुकानात किंवा मंदिरात शिरा आणि ११२ लावा. तो पोलीस, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी एकच नंबर आहे. फोनमध्ये एसओएसचं बटण कसं चालतं ते घरी दोनदा करून बघा. साडीवर चालत असाल तर निऱ्या जरा वर खोचा आणि स्लिपरऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला.

१५. मुलीला टाईप १ आहे. लग्न व्हायचंय. कार्ड गळ्यात घातलं तर चारचौघांत कळेल. नाही घातलं तर चालेल का?

तुमची काळजी मला समजते. मी शिक्षक होतो, अशा मुली वर्गात होत्या. एक मुलगी डबा खायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन इन्सुलिन घ्यायची. तिचं नाव मी कुणाला सांगितलं नाही, पण एकदा खेळाच्या तासाला ती पडली तेव्हा तिच्या मैत्रिणींनाही काय करायचं ते माहीत नव्हतं. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

कार्ड गळ्यात नको असेल तर खिशात ठेवा, फोनच्या कव्हरमागे ठेवा. पण मैदानावर तिच्यासोबत असणाऱ्या दोन मुलींना सांगितल्याशिवाय पाठवू नका. आणि स्थळ बघताना लपवू नका. लग्नानंतर सासरच्या गावी ती एकटी फिरायला जाईल, तेव्हा तिला साखर कोण देणार? ज्या घराला सांगता येत नाही, त्या घरात ती इन्सुलिन चोरून घेईल, डोस चुकवेल.

१६. एकादशी, श्रावण सोमवार, रोजे... या दिवसांत फिरायचं का?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर असाल तर निरंकार उपवास आणि व्यायाम एकाच दिवशी नको. साबुदाणा, भगर खाऊन केलेल्या उपवासाला शुगर उलट चढते, त्या दिवशी खाल्ल्यानंतर तासाभरानं अर्धा तास चालणं फायद्याचं. रमजानमध्ये मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधीचा तास सगळ्यात धोक्याचा, तेव्हा चालू नका. इफ्तारनंतर एक-दोन तासांनी चाला. रात्रीच्या तरावीहच्या नमाजातलं उठणं-बसणं हाही व्यायामच आहे, तो धरून हिशेब करा. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर उपवास, रोजा सोडावा. रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्या.

१७. इन्सुलिन आणि मीटर सोबत न्यायचं तर उन्हानं खराब होत नाही का?

होतं. गाडीच्या डिकीत, कारच्या काचेजवळ ठेवलेलं इन्सुलिन वाया गेलं समजा. वापरात असलेली बाटली किंवा पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं. फ्रीज नसेल किंवा लाईट जात असेल तर मातीचं छोटं मडकं मोठ्या मडक्यात ठेवून मध्ये ओली वाळू भरा, वर ओलं फडकं. आत चांगला गारवा राहतो. अर्ध्या तासाच्या फेरीला इन्सुलिन नेण्याची गरज नसते, साखर नेण्याची असते. ४० अंशांच्या वर बहुतेक मीटर एरर दाखवतात किंवा चुकीचा आकडा देतात. घरात येऊन, हात साबणानं धुऊन तपासा. आंबा खाल्लेल्या बोटानं शुगर खोटी जास्त येते.

१८. मुलानं स्मार्टवॉच दिलंय. त्यावर भरवसा ठेवू का?

पावलं मोजायला ठेवा. नाडीचा आकडा साधारण बरोबर असतो, पण प्रश्न ४ मधल्या गोळ्या चालू असतील तर नाडी फारशी वाढत नाही, तेव्हा बोलता येतं का हेच माप धरा. टोचल्याशिवाय शुगर दाखवणाऱ्या घड्याळांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका.

१९. मी दिवसभर रानात राबतो. मला वेगळा व्यायाम कशाला?

खुरपणी, पाणी धरणं, ओझी उचलणं हे कष्ट आहेतच आणि त्यांनी शुगर उतरतेही. म्हणून लो होण्याचा धोका तुम्हाला फिरायला जाणाऱ्यापेक्षा जास्त. रानात तुम्ही एकटेच असता, तेही घरापासून लांब, विहिरीजवळ. कार्ड, साखर, सांगून जाणं, हे सगळं तुम्हालाही लागू. साखरेची डबी मोटारीच्या खोलीत कायमची ठेवा. कामाचे दिवस आणि रिकामे दिवस यांत फार फरक पडतो, त्यामुळे फवारणी-खुरपणीच्या दिवसांत मात्रा काय ठेवायची ते आधीच विचारून ठेवा. काम नसलेल्या महिन्यांत मात्र अर्धा तास चाला.

२०. कोणत्या दिवशी घरीच थांबावं?

ताप, जुलाब, उलट्या. रात्री शुगर लो झाली असेल तो दिवस. बसलेलं बीपी १८० बाय ११० किंवा त्याहून वर. पायावर ताजी जखम. नवीन औषध सुरू केल्यावर घेरी येत असेल तर. पावसाळ्यात चिखल आणि अंधार एकत्र असेल तर, सापाची भीती असते, बॅटरीशिवाय तर नकोच.

२१. रस्त्यात कुणी पडलेला दिसला, दारूडा आहे की आजारी कळत नाही. काय करू?

आजारी आहे असंच धरा. खांद्याला हलवून मोठ्यानं हाक मारा. बोलतोय, पण गोंधळलाय, गिळता येतंय, तर साखरेचं पाणी द्या. ती शुगर लो नसली तरी त्या तीन चमच्यांनी नुकसान होत नाही. शुद्ध नाही पण श्वास चालू आहे, तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वरचा खिसा आणि गळा बघा, कार्ड असेल. १०८ लावा, जागेची खूण सांगा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा. दमलात तर दुसऱ्याला बोलवा, थांबू नका. पोलिसांच्या चकरा मागं लागतील म्हणून लोक मागे सरतात. रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ मधल्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनं संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही.

गाडी येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहा आणि कार्डावरच्या पहिल्या नंबरला फोन लावा.